नाक्यावरचा नवा उड्डाणपूल: गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाक्यावरचा उड्डाणपूल वाहतुकीला खुला झाल्यापासून एक दिवस असा गेला नाही की कुणी हात करून थांबवलं नाही. रिक्षा स्टँडवर, पेट्रोल पंपावर, मच्छी मार्केटच्या बाहेर, रात्री फोनवर, तेच तेच प्रश्न येतात. मी २००३ पासून याच नाक्यावर आहे, आधी रिक्षा घेऊन आणि आता टेम्पो घेऊन. पुलाच्या आधीचा नाका, खोदून ठेवलेला नाका आणि आताचा नाका, तिन्ही माझ्या चाकांखालून गेलेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या महामार्गावर जिथे जिथे असा पूल झाला तिथल्या गाडीवाल्यांशीही बोलणं होतं, आणि त्यांच्या अडचणीही जवळपास याच आहेत. लोकांनी ज्या शब्दांत विचारलं त्याच शब्दांत प्रश्न ठेवले आहेत.

आम्ही गावातल्या गाड्यांनी वरून जायचं की खालून?

गावात काम असेल तर खालून, गाव ओलांडायचं असेल तर वरून. स्वतःच्या गावाला वळसा घातल्यासारखं वाटतं म्हणून बरेच जण सवयीने खालूनच जातात. पण लांज्याला किंवा चिपळूणला जाणारी गाडी बाजारातून न्यायचं काहीच कारण उरलेलं नाही. ती एक गाडी वर गेली तर खाली एका रिक्षाला वळायला जागा मिळते. हा रस्ता पूर्वीचा एनएच १७, आता राष्ट्रीय महामार्ग ६६, पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत जाणारा. इतकी वर्षं गुजरातचा कंटेनर, केरळचा ट्रक, शाळेची रिक्षा आणि दूध घालायला निघालेली सायकल एकाच अरुंद डांबरावरून जात होती. ती फारकत करण्यासाठीच हा पूल आहे.

पूल झाला, तरी खाली गर्दी का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो. तो समजण्यासारखा आहे. धूळ खाल्ली, वळणरस्त्यावर पाटे तुटले, दुकानांच्या पायऱ्या गेल्या, आणि आता पुन्हा बाजाराच्या दिवशी पंचवीस मिनिटं अडकायचं.

कारण असं की खालची गर्दी सगळी लांबच्या गाड्यांची कधीच नव्हती. लांबच्या गाड्यांमुळे नाका तुंबायचा, पण नाक्यावर येणारे आपणच होतो आणि आहोत. तहसील कार्यालय, बँक, डेपो, शाळा, दवाखाना, बाजार हे सगळं खालीच राहिलं. त्यात पुलाच्या खांबांनी मधली जागा घेतली आणि दोन्ही बाजूंना जे सर्व्हिस रोड उरले ते जुन्या रस्त्यापेक्षा अरुंद आहेत. त्या अरुंद रस्त्याच्या कडेला एक चारचाकी लावली की मागे रांग लागलीच.

आमच्या स्टँडवरच्या एका जुन्या रिक्षावाल्याने मला एके सकाळी हात धरून दाखवलं. भाजीवाल्या बाईची टोपली गटाराच्या झाकणावर, तिच्यापुढे उभी मोटारसायकल, मोटारसायकलच्या पुढे दार उघडं टाकून उभी कार. कारवाला औषधं आणायला गेलेला. तीन माणसांच्या तीन लहान गरजा, आणि मागे डेपोत जाणारी बस अडकलेली. यात सगळा दोष पुलाचा नाही. गाड्या लावायला वेगळी जागा नगरपंचायतीने द्यायला हवी, आणि ती मिळेपर्यंत औषधांच्या दुकानापर्यंत शंभर पावलं चालायची तयारी आपण ठेवायला हवी. (पुलाखाली गाडी लावण्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.)

पुलाच्या तोंडाशी गोंधळ होतो. लेन नक्की कधी धरायची?

फाटा दिसल्यावर ठरवायचं नाही, त्याच्या बऱ्याच आधी ठरवायचं. आपण डाव्या हाताने चालतो, त्यामुळे गावात उतरणारा सर्व्हिस रोड नेहमी डावीकडे फुटतो आणि पुलाचा चढ उजवीकडच्या दोन लेनमधून वर जातो. रंबलर लागले, म्हणजे चाकाखाली ते आडवे पांढरे पट्टे खडखडायला लागले, की तुमची गाडी आपल्या लेनमध्ये असलीच पाहिजे. त्यानंतर लेन बदलायची नाही.

सगळ्यात धोक्याची जागा फाट्यावरचं ते काँक्रीटचं नाक. तिथे पिवळे-काळे पट्टे आहेत, पण रात्री पावसात ते दिसत नाहीत. शेवटच्या क्षणी डावीकडे मारणारी कार आणि तिच्या मागून पुलावर जायच्या वेगात आलेला ट्रक, यांची गाठ तिथेच पडते.

फाटा चुकला तर काय, असंही लगेच विचारतात. चुकला तर चुकला. पूल चढा, पलीकडे उतरा, पुढचा मिडलकट (दुभाजकातली वळायची मोकळी जागा) किंवा बॉक्स (महामार्गाखालून जाणारा काँक्रीटचा बोगदा) घेऊन परत या. पाच-सात मिनिटं जातील. मागे मात्र घ्यायची नाही. आंब्याच्या हंगामात मी पेट्या भरून रात्री वाशीला निघालो होतो. पुलाच्या चढावर समोर पांढरे दिवे दिसले. एक कार रिव्हर्समध्ये खाली येत होती, आत बायका-पोरं. मी भरल्या टेम्पोचा ब्रेक दाबला तेव्हा मागे पेट्यांची रास सरकून केबिनवर आदळल्याचा आवाज अजून कानात आहे. पेट्या फुटल्या, माणसं वाचली. त्या गाडीवाल्याला मी ओरडलो नाही, कारण त्याचेही हात थरथरत होते.

मोबाइलचा मॅप 'सरळ जा' म्हणतो. म्हणजे वर की खाली?

त्याच्यावर सोडू नका. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता एकाच रेषेत असल्यामुळे मोबाइलला तुम्ही कुठल्या पातळीवर आहात हे बऱ्याचदा कळत नाही. तुम्ही खाली असता आणि तो वरचा रस्ता दाखवत राहतो. नाक्यावरच्या निळ्या-हिरव्या पाट्या वाचा, आणि शंका असेल तर डावीकडे राहून खाली उतरा. खालून पुन्हा महामार्गाला लागता येतं.

दुचाकी आणि रिक्षा पुलावर चालते का? वेग किती ठेवायचा?

मनाईची पाटी नसेल तर चालते. हा द्रुतगती मार्ग नाही, त्यामुळे दुचाकी-रिक्षाला सरसकट बंदी नाही. चौपदरी, दुभाजक असलेल्या रस्त्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये कमाल वेग ठरवले: कार ताशी १०० किलोमीटर, बस ९०, मालवाहू गाडी आणि दुचाकी ८०, तीनचाकी ५०. जागेवर यापेक्षा कमी वेगाची पाटी असेल तर ती पाटी चालते.

आता माझं मत. रिक्षा भरलेली असेल तर वर नेऊ नका. चढावर तिचा वेग तीसवर येतो, मागचा ऐंशीने येत असतो, आणि वर बाजूला व्हायला जागाच नाही. दुचाकीवाल्यांनी डाव्या लेनच्या मधोमध चालवावं. अगदी कठड्याला चिकटून चालवलं तर तिथे साचलेली वाळू, खडी आणि टायरचे तुकडे चाकाखाली येतात.

सर्व्हिस रोड एकेरी आहे ना? मग सगळे उलटे का येतात?

एकेरीच आहे, जोपर्यंत दुहेरीची पाटी नाही. उलटे येतात कारण सरळ मार्गाने आलं तर बॉक्सपर्यंत जाऊन वळून यावं लागतं, आणि लोकांना ते लांब वाटतं. खरं सांगायचं तर काही ठिकाणी ते लांब आहेच. बॉक्स जिथे हवे होते तिथे दिले नाहीत ही तक्रार गावोगाव आहे, आणि ती मला रास्त वाटते. दोन वाड्यांच्या मधून रस्ता गेला आणि पलीकडच्या शेतावर जायला किलोमीटरभर फिरावं लागलं, तर माणूस उलटा येणार.

तरीही कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने उलट्या दिशेने गाडी चालवणं हे धोकादायक चालवणं ठरवलंय. पहिल्या वेळेला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. आणि दंडाच्या पलीकडचं एक: उलटा येणारा आणि पुलावरून उतरणारा समोरासमोर येतात ते पुलाच्या तोंडाशी. उतरणाऱ्याच्या डोक्यात अजून वरचाच वेग असतो.

मुंबईची रात्रीची ट्रॅव्हल्स आता कुठे पकडायची?

पूर्वी नाक्यावर टपरीपाशी उभं राहिलं की गाडी दारात यायची. आता बऱ्याच खासगी गाड्या वरून जातात आणि फोन करून सांगतात, पुलाच्या तोंडाशी या. आमच्या शेजारच्या आजी तांदळाची गोणी, दोन फणस आणि नातवंडांसाठी कुळथाच्या पिठाचा डबा घेऊन खाली उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मी खाली उभी, नि गाडी गेली वरनं." त्या रात्री मी त्यांना टेम्पोत घालून पुढच्या थांब्यावर नेऊन गाडी गाठून दिली. सगळ्यांच्या शेजारी टेम्पो नसतो.

तेव्हा तिकीट काढतानाच विचारा: गाडी गावात उतरणार की वरून जाणार, आणि वरून जाणार तर कुठल्या तोंडाशी थांबणार, चढाच्या की उताराच्या? उत्तर "नाका" एवढंच मिळालं तर पुन्हा विचारा. तोंडाशी उभं राहायचंच असेल तर सर्व्हिस रोडच्या आत, दिव्याखाली उभं राहा. महामार्गाच्या कडेला सामान मांडून उभं राहू नका.

एसटीचं सोपं आहे. ज्या गाडीचा बसस्थानकात थांबा आहे ती खाली उतरते. विनंती थांब्यांबद्दल शंका असेल तर स्थानकातल्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या, कारण पूल झाल्यावर काही थांबे मूळ जागेपासून सरकतात.

पुलाबद्दल गाडीवाल्यांचं नक्की मत काय आहे? कुणी खूश, कुणी नाराज.

गाडी कुठली, त्यावर मत ठरतं. मी जेवढ्यांशी बोललो त्यांचं सांगतो.

रात्री लांबचा पल्ला मारणारे ट्रकवाले मनापासून खूश आहेत. त्यांना आमच्या गावात थांबायचं नव्हतंच. रुग्णवाहिका चालवणारा माझा मित्र तर म्हणतो, रत्नागिरीला पेशंट नेताना नाका ओलांडायचा म्हणजे पोटात गोळा यायचा, आता दोन मिनिटांत गाव मागे पडतं. पुलावर दुसरं काहीही आवडलं नाही तरी एवढ्यासाठी मी या पुलाच्या बाजूने उभा राहीन.

रिक्षावाल्यांचं मत दोन तुकड्यांत आहे. गावातल्या गावात भाडं मारणाऱ्यांना बरं वाटतं, कारण महामार्ग ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत नाही. पण नाक्यावर उतरणाऱ्या लांबच्या प्रवाशांवर ज्यांचं पोट होतं त्यांचं भाडं कमी झालं. पहाटे मुंबईहून उतरलेला माणूस सामानासह वाडीवर सोडायचा, ते एक भाडं अर्ध्या दिवसाचं असायचं. आता तो तोंडाशी उतरतो आणि घरच्याला मोटारसायकल घेऊन बोलावतो. स्टँड पुलाच्या तोंडाजवळ हलवावा अशी मागणी त्यातूनच आली आहे, आणि ती मान्य व्हावी असं मलाही वाटतं.

चिऱ्याच्या ट्रकवाल्यांना चढ नको वाटतो. भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत वर जातो आणि मागे गाड्या तुंबतात. शाळेच्या गाड्यांचे ड्रायव्हर खालचा रस्ता शांत झाला म्हणतात, पण बॉक्समधल्या अंधाराला घाबरतात. आणि टपऱ्यावाले गाडीवाले नसले तरी त्यांचं सांगायलाच हवं. वडापाव, चहा, कोकम सरबत, उकडलेल्या शेंगा विकणाऱ्यांची गिऱ्हाइकं डोक्यावरून निघून जातात. काम चालू असताना धुळीत बसून ज्यांनी आम्हाला चहा पाजला, त्यांना सर्व्हिस रोडला धरून रीतसर जागा मिळायला हवी.

जोडावर गाडी दणकन आपटते. पूल खचतोय का?

घाबरून विचारलेला प्रश्न आहे, म्हणून नीट सांगतो. दणके दोन प्रकारचे असतात.

पहिला, पुलावर ठरावीक अंतराने येणारी धडधड. तिथे दोन स्लॅबच्या मध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. उन्हात काँक्रीट वाढतं, गारव्यात आकसतं, त्याला हलायला जागा लागते. त्या फटीत लोखंडी पट्ट्या आणि रबर असतं. थोडी धडधड राहणारच. पट्टी वर उचकटलेली दिसली किंवा रबर लोंबताना दिसलं तर मात्र कळवा. दुचाकीवाल्यांनो, ओल्या लोखंडी पट्टीवरून तिरकं जाऊ नका, सरळ ओलांडा.

दुसरा दणका पूल जिथे सुरू होतो तिथे बसतो. खांबांवरचा स्लॅब हलत नाही, पण त्याच्या अलीकडचा रस्ता मातीच्या भरावावर असतो. भराव पहिल्या एक-दोन पावसात दबतो आणि मध्ये पायरी पडते. असं अनेक पुलांवर होतं आणि रस्ता पुन्हा समपातळीत आणून दुरुस्त करता येतं. पण पायरी वाढत असेल, बाजूच्या भिंतीला पोट सुटलेलं दिसत असेल किंवा भिंतीतून माती-पाणी वाहत असेल, तर ते गंभीर आहे. कणकवलीत जुलै २०२० मध्ये पावसात जोडरस्त्याच्या भरावाची भिंत ढासळली होती. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर १६ ऑक्टोबर २०२३ रोजी काम चालू असतानाच पुलाचे गर्डर आणि ते चढवणारी लाँचरची यंत्रणा कोसळली. जीवितहानी झाली नाही, पण तो आवाज ऐकलेली माणसं आजही पुलाखाली गाडी हळू करत नाहीत, पटकन पुढे काढतात.

आणि महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं घेऊन. त्याचं कारण वेगळं होतं, नदीचं होतं. पण कोकणातल्या गाडीवाल्याच्या मनात पुलाची भीती का बसली हे त्याशिवाय कळणार नाही. म्हणून कुणी "पूल हलतो" म्हणालं तर त्याला हसू नका. जागा पाहा, दिवसा फोटो काढा, कळवा. (कुठे कळवायचं ते तक्रारीच्या प्रश्नात आहे.)

पावसात पुलावर पाणी साचतं. काय काळजी घ्यायची?

आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुलाला कडेने पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, पण बांधकामाची माती आणि उडून आलेला पाला त्यात अडकला की डावीकडच्या कठड्याला लागून पाण्याचा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात वेगाने चाक गेलं तर ते पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. तसं झालं तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरून फक्त पाय उचला.

खालच्यांना वेगळाच त्रास आहे. वरची भोकं सरळ सर्व्हिस रोडवर सुटतात. घराच्या पागोळ्या पडाव्यात तशा पुलाच्या पागोळ्या पडतात, फक्त त्यांची धार हाताच्या मनगटाएवढी असते. दुचाकीवर जाणाऱ्या मुलीच्या हेल्मेटवर अशी धार पडून ती गोंधळलेली मी पाहिलीय. पाइप खाली गटारापर्यंत आणून सोडले तर हा प्रश्न संपतो, आणि हे काम छोटं आहे.

रात्री पुलावर गुरं बसलेली असतात हे खरं का?

खरं आहे. पावसाळ्यात गोठ्याबाहेर सोडलेली गुरं कोरडी, उबदार जागा शोधतात. काँक्रीट दिवसभराची ऊब धरून ठेवतं आणि वर चिखल नाही, डासही कमी. चढ संपून माथा आला की पलीकडचं काही दिसत नाही, आणि नेमकी तिथे काळी म्हैस बसलेली असते. रात्री माथ्यावर वेग पन्नासच्या आत ठेवा. गुरांच्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे, निदान शिंगांना किंवा गळ्यात चमकणारी पट्टी बांधा.

मच्छीच्या टेम्पोमागे जाताना घसरायला का होतं?

बर्फाचं पाणी मासळीच्या रसासकट रस्त्यावर सांडतं आणि त्याचा बुळबुळीत थर बसतो. सपाट रस्त्यावर तो पसरतो, पुलाच्या चढावर मात्र गाडी मागे कलल्यामुळे एकदम जास्त पाणी सांडतं. दुचाकीवाल्यांनी अंतर ठेवावं. टेम्पोवाल्या भावांनी पाण्यासाठी खाली टाकी बसवावी. काही जणांनी बसवली आहे.

गाडी पुलावर बंद पडली तर?

माथा ओलांडला असेल तर न्यूट्रलला टाकून उतारावरून खाली आणायचा प्रयत्न करा. इंजिन बंद असेल तर ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, म्हणून अगदी हळू. चढावरच थांबली तर आधी हँडब्रेक, चारही इंडिकेटर, आणि चाकामागे दगड. लाल त्रिकोण गाडीमागे निदान पन्नास मीटरवर ठेवतात, पण माथ्याच्या पलीकडे बंद पडला असाल तर तो माथ्याच्या अलीकडे, चढणाऱ्याला दिसेल असा ठेवावा लागतो. हे बहुतेक जण विसरतात. माणसांना गाडीत किंवा गाडीच्या मागे ठेवू नका, कठड्याला लागून गाडीच्या बरंच पुढे चालवत न्या. मदतीसाठी महामार्गाचा क्रमांक १०३३.

अपघात दिसला आणि थांबलो तर पोलीस आपल्यालाच अडकवतील का?

नाही. मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे काही कारवाई होत नाही आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. ११२ किंवा १०८ लावा आणि नेमकी जागा सांगा: पुलावर की खाली, मुंबई बाजू की गोवा बाजू. हे सांगितलं नाही तर रुग्णवाहिका चुकीच्या पातळीवर येते आणि पुन्हा फिरून यायला वेळ जातो. रस्ते अपघातातल्या जखमींवर पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे, त्याबद्दल रुग्णालयात विचारा. पैशांसाठी कुणाला दारात थांबवून ठेवू देऊ नका.

पुलासाठी वेगळा टोल आहे का?

पूल चढला म्हणून जागेवर वेगळा टोल नाही. टोल घेतला जातो तो टोलनाक्यावर. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी, बिगर-व्यापारी गाड्यांना सवलतीचा मासिक पास मिळतो. खासगी कार-जीपसाठी वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या, यातलं जे आधी संपेल तोवरचा फास्टॅग पासही आहे; १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा तीन हजार रुपयांना होता. रिक्षा-टेम्पोला तो चालत नाही.

गणपतीत इथे काय परिस्थिती असेल?

हरतालिकेच्या आदल्या रात्रीपासून चाकरमान्यांची रीघ लागते. अवजड गाड्यांना त्या दिवसांत महामार्गावर बंदी असते आणि गणपतीला येणाऱ्या गाड्यांना सरकार टोलमाफीचे पास देतं, ते आरटीओ किंवा पोलीस ठाण्यातून घ्यावे लागतात. पुलामुळे पुढे जाणारे सुटतील. पण गावात उतरणारा प्रत्येक जण मखर, फुलं, नारळ घ्यायला तोंडाशीच गाडी थांबवतो. गावातल्या गाडीवाल्यांनो, त्या दोन दिवसांत आपली बाजारहाट सकाळी आठच्या आत उरका. आलेल्या माणसाला दहा तास गाडीत बसून पाठीचा काटा ढिला झालेला असतो. त्याला आधी जाऊ द्या.

पुलाखाली सावली आहे. गाडी लावली तर चालेल?

रीतसर पार्किंग केलेलं नसेल तर नको. खांबांच्या मधली जागा वळणाऱ्याला समोरचा दिसावा म्हणून मोकळी असते. तिथे टेम्पो लावला की बॉक्समधून येणाऱ्याला काहीच दिसत नाही.

पेंढ्याची भरलेली गाडी बॉक्समधून जाईल का?

बॉक्सच्या तोंडावर उंचीची पाटी असते, ती वाचा आणि स्वतःचा माल मोजा. मोठ्या बॉक्समधून ट्रक आरामात जातो, पण गुरांसाठी आणि पादचाऱ्यांसाठी दिलेले छोटे बॉक्स वेगळे. रस्त्यावर नवा काँक्रीटचा थर पडला असेल तर पाटीवरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष उंची कमी भरते. पेंढा दबतो म्हणून घुसवू नका. तो अडकतो, आणि सायलेन्सरजवळ अडकला तर पेटतो.

दिवे बंद आहेत, पट्टी उचकटली आहे. तक्रार कुठे करायची?

आपल्या भागातला महामार्ग, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या इंदापूरच्या दक्षिणेचा, राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे आहे. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. हा फरक माहीत नसल्यामुळे लोकांचे अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. त्यात किलोमीटरचा दगड, बाजू, पूल की सर्व्हिस रोड, तारीख आणि दिवसाउजेडी काढलेला फोटो असू द्या. "पुलावर खड्डा आहे" असा अर्ज परत येतो. "गोवा बाजूच्या उतारावर, दुसऱ्या जोडापाशी, डाव्या लेनमध्ये" असं लिहिलेला अर्ज घेऊन कनिष्ठ अभियंता जागेवर आलेला मी पाहिलाय. दिव्यांचं बिल कोण भरणार हा वाद असेल तर अर्जाची एक प्रत नगरपंचायतीलाही द्या.

शिमग्याला होळीचा माड आणि पालखी कुठून न्यायची?

वरच्या वाडीतून होळी, म्हणजे होळीसाठी तोडलेला माड, खांद्यावरून आणायची, तर पूर्वी ती महामार्गावरून आडवी यायची आणि गाड्या दोन्हीकडे थांबायच्या. आता मधे भराव आहे. पालखी बॉक्समधून सहज जाते, पण माड जात नाही. बॉक्स सरळ असला तरी बाहेर पडल्या पडल्या सर्व्हिस रोडला काटकोनात वळावं लागतं, आणि एवढा लांब बुंधा तिथे वळत नाही. यंदा गावकऱ्यांनी आदल्या दिवशी बांबू घेऊन मोजून पाहिलं. खांबांवरच्या भागाखाली, जिथे मोकळं आहे, तिथून नेलं तर वळायला जागा मिळते. तुमच्या गावातही तसंच मोजा. पोलीस ठाण्यात वेळ आधी कळवा आणि सर्व्हिस रोडच्या दोन्ही टोकांना चमकणारं जाकीट घातलेली दोन-दोन मुलं टॉर्च देऊन उभी करा. गाडीवाल्यांनी दिवे डिपरवर घ्यावेत, कारण खांद्यावर बुंधा असलेल्या माणसाला डोळ्यावर आलेल्या झोतात पायाखालचं दिसत नाही.

आमच्या वेळी रात्री साडेदहाच्या सुमाराला माड पुलाखाली आला. ढोलाचा आवाज स्लॅबला लागून दुप्पट होत होता. वरून ट्रक जातच होते, त्यांना काही कळलं नसेल. खाली रिक्षा, दोन टेम्पो आणि डेपोत निघालेली वस्तीची गाडी इंजिन बंद करून उभ्या होत्या, आणि बसचा ड्रायव्हर खाली उतरून, चप्पल काढून, बुंध्याला हात लावायला पुढे गेला होता.